पुरावा मागितला म्हणजे विश्वास कमी पडला का?

शरणपूरकर
सलाम मंडळी. ईस्टरच्या संध्याकाळी घरचे सगळे जमलो होतो. जेवणं आटोपली, बायका आवराआवर करत होत्या. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला म्हणाला, "मामा, येशू मेलेल्यांतून उठला असं तुम्ही संडेस्कूलमध्ये शिकवता. कशावरून?" मी म्हणालो, "शास्त्रात आहे, आणि आपला विश्वास आहे." त्यावर तो म्हणाला, "लहानपणी तुम्ही मला पांडवलेणीवर न्यायचात. भिंतीवरची अक्षरं दाखवून सांगायचात, हे बघ, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने कोरून घेतलंय, म्हणजे हे घडलं. तिथे कधी 'विश्वास ठेव' म्हणाला नाहीत."

बहिणीने त्याला दटावलं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, कारण पोराचं चुकलं नव्हतं.

मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय. दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणताना "पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले" हे शब्द तोंडातून जातात. एका रोमन सुभेदाराचं नाव आपण प्रार्थनेच्या जागी उभं राहून घेतो. का घेतो? हे अमुक ठिकाणी, अमुक माणसाच्या कारकिर्दीत घडलं, असं आपलं म्हणणं आहे म्हणूनच ना? मग कोणी "दाखवा" म्हणालं तर रागवायचा हक्क आपल्याला कुठून आला?

माझं मत असं, की ख्रिस्ती विश्वासाला इतिहास टाळता येत नाही. पण इतिहास नेमका कुठवर साथ देतो आणि पुढे काय, हे मला त्या पोराला नीट सांगता आलं नाही. तुमचे अनुभव लिहा. अख्रिस्ती मित्रांनीही लिहावं, मनापासून सांगतो.

मालनमावशी
सलाम बाळा. भाच्याला रागावू नका. माझ्या घरी दोन नातवंडं आहेत, दोघंही असंच विचारतात.

गोदाकाठचा_मास्तर
मी ख्रिस्ती नाही. शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि त्याला वधस्तंभावर मारलं, याबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार इ.स. ११६च्या सुमारास लिहितो, की ६४ साली रोमला आग लागली तेव्हा निरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला, आणि ज्या ख्रिस्तावरून हे नाव पडलं त्याला रोमन सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला होता. टॅसिटसला या लोकांचा तिटकारा होता. त्यांच्या बाजूने तो काही रचून लिहील हे संभवत नाही. जोसेफस हा ज्यू इतिहासकार इ.स. ९३-९४च्या सुमारास येशूचा दोनदा उल्लेख करतो. त्यातल्या मोठ्या उताऱ्यात पुढच्या काळातल्या ख्रिस्ती नकलाकारांनी भर घातली आहे, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. दुसरा उल्लेख छोटा आहे, "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब". त्यावर फारसा आक्षेप नाही.

पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. नंतरच्या लोकांनी तो रंगमंदिराच्या पायरीला वापरला होता. जेरुसलेमजवळ १९६८ साली एका माणसाच्या टाचेचं हाड मिळालं, खिळा अजून त्यात अडकलेला होता. तो माणूस येशू नव्हे, दुसराच कोणी. पण ती शिक्षा कशी देत, हे त्या हाडाने दाखवलं.

आता पुढचं. तिसऱ्या दिवशी काय झालं, ते माझ्या विषयाच्या मापात बसत नाही. "आम्ही त्याला जिवंत पाहिलं" असं त्याचे शिष्य म्हणत होते आणि त्या बोलण्यापायी त्यांनी छळ सोसला, इथवर इतिहास जाऊ शकतो. ते खरं की खोटं, हा निकाल इतिहासाच्या वर्गात लागत नाही.

तर्कट_नाशिक
मास्तरांशी बहुतेक सहमत. पण भाच्याला फक्त सोयीचे पुरावे देऊ नका, अडचणीचेही सांगा.

लूक, मत्तय, मार्क आणि योहान यांनी येशूची चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं लिहिली. त्यांतला लूक म्हणतो की येशूचा जन्म रोमन सुभेदार क्विरीनियाच्या शिरगणतीच्या वेळी झाला. ती शिरगणती जोसेफसच्या हिशेबाने इ.स. ६ची. मत्तय म्हणतो हेरोद राजा जिवंत असताना. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. दोन्हींत निदान नऊ वर्षांचं अंतर. दुसरं, मार्कच्या शेवटच्या अध्यायातल्या शेवटच्या बारा ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. तिथे मार्क आठव्या ओवीवर थांबतो, स्त्रिया भिऊन कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच. उठलेला येशू तिथे कुणाला भेटतच नाही.

मी नास्तिक आहे, पण हे खोडी काढायला लिहीत नाही. मलाही माझ्या घरी असे प्रश्न विचारायची मुभा नव्हती. भाच्याला ती मिळतेय याचा आनंद वाटला.

सिन्नरवाला
मास्तर, पांडवलेणीचा विषय निघालाच आहे तर आमच्या जोगलटेंभीच्या नाण्यांचं सांगा की. शाळेत तुम्हीच सांगायचात.

गोदाकाठचा_मास्तर
सिन्नरवाला, तुम्ही माझे विद्यार्थी निघालात! ऐका तर. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची, म्हणजे गौतमीपुत्राच्या शत्रू राजाची. त्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा स्वतःचा ठसा मारलेला. नहपानाचा पराभव झाला, हे लेण्यातल्या शिलालेखाइतकंच त्या नाण्यांनी सिद्ध केलं.

असं नाणं मी एकदा हातात घेऊन पाहिलं आहे. वर टेकडीची खूण, आणि नाणं तिरपं धरलं की खाली नहपानाचं नाक आणि हनुवटी दिसते. शरणपूरकर, शुभवर्तमानं मी तशीच वाचतो. ती लिहिणाऱ्यांनी वर विश्वासाचा ठसा मारला आहे, आणि तो त्यांनी लपवलेलाही नाही. "तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं" असं योहान सरळ सांगतो. पण उजेडात तिरपं धरलं तर खालचा चेहरा दिसतो. तर्कटने दाखवलेल्या विसंगती त्या दुहेरी ठशामुळेच आहेत. नाणं खोटं आहे असं त्यावरून ठरत नाही.

मालनमावशी
मास्तर, छान सांगितलंत. तरी माझं म्हणणं वेगळं आहे, रागावू नका.

आमचे हे गेले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची. तीन लेकरं. चाळीसाव्या दिवशी घरात रॉकेलही नव्हतं. अंधारात बसून मी उपासना-संगीतातली गाणी एकामागून एक म्हणत राहिले, पुस्तक दिसतच नव्हतं, पाठ होती तेवढी. मध्यरात्री कधीतरी रडू थांबलं आणि घरात मी एकटी नाही असं वाटलं. इतकं स्पष्ट वाटलं, की उठून दार लावलेलं आहे ना ते बघितलं. त्या रात्रीपासून आजवर मला कोणाच्या दगडाची किंवा नाण्याची गरज पडली नाही.

आपले नारायण वामन टिळक कशाने ख्रिस्ताकडे वळले? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून सुटलेच नाहीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. सनावळी तपासून त्यांनी निर्णय घेतला नव्हता. आणि लक्ष्मीबाई, आपल्या जलालपूरच्या, त्या तर नवऱ्याच्या मागून लगेच आल्याच नाहीत. आधी रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या.

नाशिकरोडची_रोझ
मावशी, अगदी. फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येशूच्या यात्रेला किती लोक येतात, निम्म्याहून जास्त तर ख्रिस्तीही नसतात. मेणबत्ती लावताना कुणी सन विचारत नाही.

तर्कट_नाशिक
मावशी, तुमच्या त्या रात्रीबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. पण रोझताई, असा अनुभव प्रत्येक धर्मात येतो. पंढरीच्या वारकऱ्याला येतो, अजमेरला जाणाऱ्यालाही येतो. भाच्याचा प्रश्न "काय वाटतं" असा नव्हता, "काय घडलं" असा होता.

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून हे नाव. तर्कटदादांनी मार्कमधल्या घाबरलेल्या बायकांचा विषय काढला, तिथून माझं.

चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. बायकांची साक्ष घेऊ नये असं जोसेफसनेच लिहून ठेवलं आहे. लूक प्रामाणिकपणे सांगतो की प्रेषितांना त्यांचं बोलणं बडबड वाटलं. ज्याला गोष्ट रचायची आहे तो पहिला साक्षीदार म्हणून पेत्राला उभा करील, मग्दालीया मरीयेला कशाला करील?

हे मी पुस्तकात नंतर वाचलं, अंगावर आधी आलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी एका दवाखान्यात रात्री तीन वाजता मी वरिष्ठांना सांगितलं, की सात नंबरच्या आजोबांचा श्वास बदललाय. मी आकडे सांगत होते, तरी उत्तर आलं, "सिस्टर, तुम्हाला उगाच वाटतं." माझं म्हणणं कागदावरही घेतलं नाही. सकाळी जे व्हायचं ते झालं. आजोबांच्या मुलीने मला विचारलं, "तुम्हाला कळलं होतं का हो?" मी होय म्हणाले. तिने माझा हात धरला तो कितीतरी वेळ सोडला नाही.

तेव्हापासून ईस्टरच्या पाठात "त्यांचे बोलणे त्यांना बडबड वाटले" हे वाक्य आलं, की माझा आवाज जातो. ते वाक्य कुणीतरी तिथे असल्याशिवाय लिहिलं गेलं नसेल, असं मला आतून वाटतं. पुरावा म्हणून हे कमी पडेल, माहीत आहे.

तर्कट_नाशिक
रात्रपाळीताई, वाचून गलबललो. तरी प्रामाणिकपणे सांगतो, मेलेल्याला सुगंधद्रव्य लावायचं काम बायकांचंच होतं, त्यामुळे कबरेपाशी त्या जाणं स्वाभाविक. रचलेल्या गोष्टीतही तसंच आलं असतं. पण 'बडबड' वाटल्याचं वाक्य कुणी मुद्दाम का घालील, याला माझ्याकडे उत्तर नाही.

प्रभूचा_सेवक_७७
एवढी चर्चा कशाला? ट्यूरिनचं वस्त्र, येशूला गुंडाळलेलं कापड, आहे ना! येशूचा चेहरा उमटलाय त्यावर. विज्ञानानेही मान्य केलंय.

शरणपूरकर
सेवकभाऊ, प्रेमाने सांगतो, मुलांना हे असं सांगू नका. १९८८ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत त्या कापडाची कार्बन तपासणी झाली आणि काळ १२६० ते १३९० असा आला. त्या निकालावर वाद घालणारे आहेत, पण "विज्ञानाने मान्य केलं" हे खरं नाही. मी स्वतः वर्गात नोहाच्या तारवाचा सांगाडा सापडल्याचा मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला होता. एका मुलीने पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, "सर, ते खोटं आहे." त्यानंतर वर्षभर ती माझ्या प्रत्येक वाक्यावर मान तिरकी करून बघायची. खोट्या आधारावर मुलाचा विश्वास उभा केला तर तो आधार काढणारा उद्या कॉलेजात भेटतोच, आणि मग आधाराबरोबर सगळंच जातं.

प्रभूचा_सेवक_७७
बरोबर आहे काका. मीही तपासून बघायला हवं होतं.

वसईचा_पाहुणा
थोडं विषयांतर. कॉसमस नावाचा व्यापारी सहाव्या शतकात लिहितो की कल्याणला इराणातून नेमलेला बिशप आहे. म्हणजे गोऱ्यांच्या कितीतरी आधी आपल्या कोकणपट्टीत ख्रिस्ती मंडळी होती. आणि येशूचा शिष्य थोमा भारतात आला अशा जुन्या कथेत भारताचा गोंडोफर्नीस राजा येतो. लोक त्याला कल्पित समजायचे, एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावाची नाणी निघाली! थोमा आला की नाही ते त्यावरून ठरत नाही. पण ज्याने कथा रचली त्याला खरा राजा ठाऊक होता.

सिन्नरवाला
पुन्हा नाणी! मास्तर खूश.

वेशीबाहेरचा
सगळं वाचलं. आता माझं ऐका.

माझे पूर्वज नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यात राहायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की मिशनचा पाळक आला, त्याने खापरपणजोबाच्या हातात पाटी दिली आणि त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या ताटातली भाकरी खाल्ली. तेव्हा कुणी टॅसिटस वाचून दाखवला नव्हता. याच नाशकात १९३० साली काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या लोकांना उभं राहावं लागलं, हे लक्षात घ्या, म्हणजे एका भाकरीचं मोल कळेल.

तेव्हा मावशींसारखं मीही म्हणेन, की आम्ही पुराव्याने आलो नाही. पण इतिहास नको, असं मी कधीच म्हणणार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. वेशीबाहेर म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ही फक्त बोधकथा असती, देव कुठेतरी गोष्टीत वेशीबाहेर मेला असता, तर माझ्या खापरपणजोबाला त्याचं काय? तो खरोखर तिथे नेला गेला, खऱ्या शिपायांनी खरे खिळे ठोकले, म्हणून तो आमचा. मास्तरांनी टाचेच्या हाडाचं लिहिलं ते मी तीनदा वाचलं. पौल करिंथकरांना म्हणतो, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. एवढी जोखीम त्याने स्वतःच घेतली आहे, मग आपण का भ्यायचं?

मालनमावशी
लेकरा, वेशीबाहेरचं मी इतक्या वर्षांत असं वाचलंच नव्हतं. माझं म्हणणं थोडं मागे घेते. त्या अंधाऱ्या रात्री जो माझ्याजवळ बसला, तो खरंच कधी मेला नसता तर त्याला माझं दुःख काय कळलं असतं.

जुने_नाशिक
शरणपूरकर, तुमचं नाव बघून लिहितो. आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकायची. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात तो सोबत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत आजच्या झांबियात वारले. सोबत्यांनी त्यांचं काळीज एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग देह वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळून, महिनोन्‌महिने चालत त्यांनी तो समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटी उचलणाऱ्यांत आपला शरणपूरचा जेकब होता.

दोन गोष्टी या धाग्यासाठी. झाडावर ४ मे ही तारीख कोरलेली होती, आणि इतिहासाच्या पुस्तकांत मृत्यू १ मेचा धरतात. साक्षीदार शेजारी होता, तरी तारखेत तीन दिवसांचा फरक. म्हणून लिव्हिंग्स्टन वारलेच नाहीत असं कुणी म्हणत नाही. तर्कटसाहेब, क्विरीनियाचा फरक मोठा आहे हे कबूल, तरी जात एकच.

दुसरी गोष्ट. लंडनमध्ये देहाची ओळख कशी पटवली? तरुणपणी सिंहाने लिव्हिंग्स्टनचा डावा दंड चावला होता, ते हाड नीट सांधलं नव्हतं. शल्यवैद्याने तो न जुळलेला सांधा हाताने चाचपला आणि सांगितलं, हे तेच. इतक्या लांबून चालत आलेल्या माणसांची साक्ष होतीच, तिला जखमेचा पुरावा मिळाला. येशू उठला हे जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाने तेवढंच तर मागितलं होतं.

रात्रपाळी
जेकबचं मला काहीच माहीत नव्हतं. त्याच रस्त्याने मी रोज ड्यूटीला जाते.

तर्कट_नाशिक
जात एकच, हे मान्य. पण लिव्हिंग्स्टन मेले होते, ही रोजची गोष्ट. मेलेला उठला, ही रोजची नाही. तिथे साक्ष जास्त भक्कम लागणार. माझ्यासाठी ती पुरत नाही, पण ती मागण्यासारखी आहे, एवढं या धाग्यावर मला पहिल्यांदा पटलं.

शरणपूरकर
सगळ्यांचे आभार. काल रविवारी उपासनेनंतर भाच्याला घेऊन पांडवलेणीवर गेलो. हा धागा त्याने पायऱ्या चढता चढता मोबाईलवर वाचला, दोनदा ठेच लागली. वर जाऊन तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत बसलो. मी त्याला सांगितलं, की इतिहास मला कबरेच्या तोंडापर्यंत आणतो. पिलात खरा, वधस्तंभ खरा, घाबरलेल्या बायका खऱ्या, "आम्ही पाहिलं" म्हणणारी माणसं खरी. तिथून आत वाकून बघायचं की नाही, ते माझं मला ठरवावं लागलं. मी बघितलं, आणि रोज बघतो. त्याने ऐकून घेतलं, हो किंवा नाही काही म्हणाला नाही.

मग त्याने स्वतःच योहानाचा विसावा अध्याय उघडला आणि थोमाचा भाग सावकाश, दोनदा वाचला. म्हणाला, "मामा, इथे येशू म्हणतो तुझं बोट इकडे कर. पण थोमाने बोट घातलं, असं कुठेच लिहिलेलं नाही. तो लगेच 'माझा प्रभू, माझा देव' म्हणतो."

मी पुस्तक हातात घेऊन बघितलं. नाहीच. वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की थोमाने जखमेत बोट घातलं. तुमच्या मंडळीत कसं शिकवतात?

मालनमावशी
आमच्या संडेस्कूलच्या चित्रात बोट घातलेलंच आहे. आत्ता चष्मा लावून शास्त्र उघडलं. खरंच नाही रे.

तर्कट_नाशिक
मीही उघडून बघितलं. शरणपूरकर, भाच्याला इथे सभासद करून घ्या.